पहिलं 'नको'

घरी पाहुणे आले की लेकराला पुढे करून आपण म्हणतो, 'जा, काकांना पापा दे.' मूल आईच्या पदराआड लपतं. 'अगं, आपलेच काका आहेत ना! असं करतात का?' हे इतकं घरगुती आहे की त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. मला मात्र दुखणं तिथूनच सुरू होताना दिसतं. स्वतःच्या अंगाविषयीचं मुलाचं पहिलं 'नको' आपणच लाडाने मोडून काढतो.

केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने 13 राज्यांत केलेला बाल अत्याचारांचा अभ्यास 2007 साली प्रसिद्ध झाला. 53 टक्क्यांहून अधिक मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सोसल्याचं सांगितलं. त्यांत मुलगे निम्म्याहून थोडे जास्तच होते. अत्याचार करणाऱ्यांपैकी निम्मे ओळखीचे, विश्वासातले. आणि बहुतेक मुलांनी ही गोष्ट कुणालाच सांगितली नव्हती.

सांगणार कशी? आपण मुलांना नाक, कान, डोळे शिकवतो आणि कमरेखाली 'शी, घाण' म्हणून थांबतो. ज्या अवयवाला नावच नाही, त्याची तक्रार कोणत्या शब्दांत करायची? तरी मुलं आपल्या परीने सांगतात. 'मला त्या दादाच्या शिकवणीला नाही जायचं.' 'पोटात दुखतंय.' आपल्याला तो अभ्यासाचा कंटाळा वाटतो. शाळेत आता 'चांगला स्पर्श, वाईट स्पर्श' शिकवतात, शिकवावंच. पण पाच वर्षांच्या जिवाने स्वतःची राखण स्वतः करावी, ही अपेक्षाच मला अन्यायाची वाटते. धडे मोठ्यांना हवेत.

मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा 2012 चा पॉक्सो कायदा मुलांच्या बाबतीत आपल्यापेक्षा हळवा आहे. जबाब शक्यतो महिला अधिकाऱ्याने, मुलाच्या घरी किंवा त्याला हव्या त्या जागी घ्यायचा. अंगावर वर्दी नको. मूल रात्री पोलीस ठाण्यात ठेवायचं नाही. नाव कुठे छापायचं नाही. गुन्हा ठाऊक असून गप्प राहणाऱ्यालाही शिक्षा आहे, मग तो सख्खा नातेवाईक का असेना. तरी 'पोरीच्या लग्नाचं काय?', 'मुलगाच तर आहे, त्याला काय होतंय?' या दोन वाक्यांनी किती प्रकरणं उंबऱ्याच्या आत पुरली जातात! अब्रू जायची असेल तर ती करणाऱ्याची जावी. मुलाची कशी जाईल?

उद्या तुमचं मूल कुणाकडे जायला 'नको' म्हणालं, तर 'का' विचारण्याआधी त्याला जवळ घ्या. मदतीसाठी मुलांच्या हेल्पलाइनचा 1098 हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो आणि त्याला पैसे पडत नाहीत.