सोहराब हे नाव ठेवताना

फिरदौसीने इ. स. १०१० मध्ये पूर्ण केलेल्या ‘शाहनामा’त ज्या सोहराबाचा पित्याच्याच खंजिराने अंत होतो, त्याचे नाव इराणातील मातापिता आजही नवजात पुत्राला निःशंकपणे देतात; तेव्हा नाव आपल्यासोबत प्रारब्धही आणते काय, हा प्रश्न टाळता येत नाही. माझ्या मते तो वध नावाने नव्हे, नाव लपविल्याने घडला. सोहराबाने विचारूनही त्याचा पिता रुस्तुम याने रणांगणात आपली ओळख दिली नाही, आणि माता तहमीनेने पुत्राच्या दंडावर बांधलेला पितृत्वाचा दाखला चिलखताखाली झाकलेलाच राहिला. ओळख पटली ती छाती विदीर्ण झाल्यावर. इतका दारुण प्रसंग जगाच्या वाङ्मयात विरळाच.

इराणाच्या प्राचीन जरथुष्ट्री धर्मविचारानेही सत् आणि असत् यांतील निवडीचा अधिकार मनुष्याला दिला आहे, आणि अवेस्तातील फरवर्दीन यश्त या स्तोत्रात तर धर्मनिष्ठ स्त्रीपुरुषांच्या नावांची जणू दप्तरी नोंदच असून त्यांच्या फ्रवशींना, म्हणजे रक्षक आत्म्यांना, नावानिशी वंदन केले आहे. तो मान त्यांना आचरणाने लाभला. म्हणूनच सोहराबाशी नादसाम्य असलेले मेहराब हे नाव, केवळ ‘शाहनामा’तील जुलमी राजा जुहाकाच्या वंशातील काबुलाधिपतीचे म्हणून त्याज्य ठरविणे मला अन्यायाचे वाटते. त्याच मेहराबाची कन्या रूदाबा ही रुस्तुमाची माता. मुंबईच्या पारशी कुटुंबांत रुस्तुम आणि सोहराब ही नावे पिढ्यानपिढ्या एकत्र नांदली आहेत. आणि काशानच्या सोहराब सिपेहरी (१९२८–१९८०) या कवी-चित्रकाराने तर त्या नावाला रणांगणाबाहेरचे एक संपूर्ण आयुष्य दिले.