घराला कोणाचा पाय लागला?



गेल्या पावसाळ्यात आपल्या धर्मग्रामातल्या एका घरून निरोप आला, "फादर, घर आशीर्वादित करून द्या. घरात काहीतरी शिरलंय." (घर कोणाचे ते सांगत नाही, आपणही शोधू नका. त्यांना विचारूनच लिहितो आहे.)

गेलो. सासूबाईंनी यादीच सांगितली. जूनमध्ये पाण्याची मोटर जळाली. मग मिक्सर गेला. मग न्हाणीघरातला नळ भिंतीच्या आत फुटला. स्विचला हात लावला की झटका. आणि एके दुपारी त्यांच्याच खाटेवर छताचा गिलावा कोसळला. त्या नुकत्याच चहा ठेवायला उठल्या होत्या म्हणून वाचल्या. "मेमध्ये लग्न झालं, तेव्हापासून हे सुरू आहे," असे म्हणून त्यांनी स्वयंपाकघराकडे पाहिले. तिथे नवी सून भांडी घासत होती. भांड्यांचा आवाज थांबला.

'पायगुण' हा शब्द कोणी उच्चारला नाही. उच्चारायची गरजच नव्हती.

मी प्रार्थना केली, पवित्र पाणी शिंपडले. पण मनात टोचत राहिले, माझा आशीर्वाद इथे दारावरच्या लिंबू-मिरचीच्या जागी तर टांगला जात नाही ना? घर आशीर्वादित करणे म्हणजे त्यात राहणाऱ्या प्रत्येकाला देवाच्या हाती सोपवणे. त्यात ती सूनही आली. म्हणून प्रार्थनेनंतर मी सासरेबुवांना म्हणालो, "चला, जरा गच्चीवर जाऊ."

गच्चीवर आठ भोके होती. मांडवाचे खांब पक्के बसावेत म्हणून पाडलेली आणि मांडव उतरल्यावर बुजवायची राहिलेली. तीस वर्षांचा स्लॅब, आतल्या सळया आधीच गंजलेल्या. पावसाचे पाणी तिथून मुरले, गिलावा सुटला. तेच पाणी वायरच्या पाइपातून स्विचपर्यंत उतरले. मोटरचे कारण वेगळे. नळाला पाणी यायला लांबले, हौद कोरडा पडला आणि मोटर तशीच फिरत राहिली. न्हाणीघरातला नळ बोअरच्या क्षारांनी खाल्लेला. मिक्सरचे कारण काही सापडले नाही. तो फार जुना होता एवढेच.

म्हणजे एका अर्थी सासूबाईंचे बरोबरच होते. यातली दोन संकटे लग्नामुळेच आली. पण ती मांडवाच्या भोकांतून आली, सुनेच्या पावलांनी नव्हे.

सेमिनरीत संत थॉमस अक्वायनस यांचा एक दाखला शिकलो होतो. मालक दोन नोकरांना, एकमेकांना कळू न देता, एकाच जागी पाठवतो. त्यांची गाठ पडते. त्यांच्या लेखी तो योगायोग, मालकाच्या लेखी नाही. तेव्हा देवाला ठाऊक नसलेले काही घडत नाही, हे खरे. पण त्यावरून "देवाने हे अमकीमुळे केले" असे कुठे निघते? ती उडी आपण मारतो. मालकाच्या मनातले नोकरांना कळलेले नसते. शिवाय वस्तू आपापल्या स्वभावाने चालतात, हेही थॉमस सांगतात. लोखंड गंजते. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि भिंतींना तडे जातात. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला या शहरासाठी नहर बांधली, तिला आत उतरता येईल अशी तोंडे ठिकठिकाणी ठेवली. गाळ साचणार, हे बांधणाऱ्याने गृहीतच धरले होते.

लूकच्या शुभवर्तमानात तेराव्या अध्यायात बांधकाम कोसळल्याचीच गोष्ट आहे. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसे मेली. ती यरुशलेममधल्या इतरांपेक्षा जास्त पापी होती काय, असे प्रभू येशू विचारतो आणि स्वतःच नाही म्हणतो. पुढे तो पश्चात्तापाबद्दल बोलतो, ते मात्र आपण घाईने वाचून सोडतो. पश्चात्ताप करा हे तो मेलेल्यांविषयी बोलत नाही, समोर उभे राहून त्यांचा हिशेब मांडणाऱ्यांना सांगतो. त्या दिवशी त्या घरात हिशेब मांडणारे आम्ही सगळेच होतो. भांड्यांचा आवाज थांबला तेव्हा मीही गप्प बसलो होतो.

दोष देणे सोपे का वाटते? गवंडी पैसे मागतो, दोष फुकट देता येतो. आणि तो बहुधा घरात सर्वांत शेवटी आलेल्याच्या वाट्याला जातो, कारण उलट बोलायची सोय त्यालाच सर्वांत कमी असते.

सासरेबुवा बराच वेळ त्या भोकांकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "फादर, खांब मीच उभे करवून घेतले. बुजवायचं विसरलो." मी म्हणालो, "हे मला नका सांगू. खाली जाऊन सांगा, स्वयंपाकघरात ऐकू जाईल असं." त्यांनी सांगितले. पहिल्यांदा आवाज जरा कमीच निघाला, दुसऱ्यांदा बरा.

हा मजकूर छापायच्या आधी त्या घरी वाचून दाखवला. सासूबाईंनी एकच दुरुस्ती सुचवली. भोके आठ नव्हती, दहा होती. बुजवताना सुनेने मोजली होती.

आपला,
फादर