पोसलेला मासा

"फिलिपिन्सला चाललीस, व्हेल शार्क बघायचाय, आणि ओस्लोब नको म्हणतेस? तिथे तर मासा समोर येऊन उभा राहतो म्हणे." सुका जवळा निवडता निवडता आत्या म्हणाली.

"उभा राहतो, तेच खटकतं. सेबू बेटावरच्या त्या गावात २०११च्या सुमारापासून कोळी त्याला होडीतून जवळा चारतात. असाच बारीक. मासा शेपटी खाली सोडून पाण्यात सरळ उभा होतो, दार उघडावं तसं तोंड उघडतो आणि होडीच्या कडेला पाणी ओढत राहतो. भोवती आमच्यासारखे, लाइफ जॅकेट घालून फोटो काढणारे."

"त्याचं पोट भरतं, कोळ्याचं भरतं, तुझा फोटो निघतो. कुणाचं काय गेलं?"

"त्याची भीती गेली. होडी म्हणजे खाणं, हे तो शिकला. उद्या दुसऱ्या होडीजवळ गेला आणि तिचा पंखा चालू असला तर? तिथल्या माशांच्या अंगावर पंख्याचे वण दिसतात. हजारो किलोमीटर फिरणारी जात ही, पण काही मासे तिथेच रेंगाळतात. त्यातले बरेचसे तर अजून वयातही आलेले नाहीत."

"पण कोळी पूर्वी मासेमारीवरच जगत होते ना? तिकडे हा मासा मारायचेही, तूच सांगितलंस."

"१९९८ला बंदी आली त्यावर."

"बंदीने चूल पेटत नाही, गो. तुझ्या काकांच्या जाळ्यात शिरला होता एकदा. जाळं कापून सोडला, पण नवं जाळं कुणी दिलं नाही. आता सरकार २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देतं, तेव्हा कुठे होती?"

मला सौराष्ट्र आठवलं. वेरावळकडे या माशाच्या यकृताचं तेल होड्यांना चोपडायचे. २००१मध्ये कायद्याने संरक्षण मिळालं, पण कोळ्यांचं मन वळलं ते कथाकार मोरारी बापूंनी त्याला 'व्हाली' म्हटल्यावर. बाळंतपणाला माहेरी आलेली लेक! मग ते स्वतःच जाळी कापू लागले. "तिथे ना कुणी जवळा चारला, ना पर्यटक आले," मी म्हटलं.

"आणि कापलेल्या जाळ्याचे पैसे?"

"मिळतात."

"म्हणजे पैसा आलाच. माहेरवाशिणीची ओटीही फुकट भरत नाहीत."

खरं होतं. तरी भरपाई मासा सुटला म्हणून मिळते आणि ओस्लोबची कमाई तो थांबला म्हणून. हा फरक मला लहान वाटत नाही. आत्याला वाटला.

"मी फिलिपिन्समधल्याच डॉन्सॉलला जाईन. तिथे चारायला बंदी आहे. होडीतून शोधत फिरायचं, दिसला तर उतरायचं."

"आणि नाही दिसला तर?"

"भाडं द्यायचं, परत यायचं."

"असे किती जण येतील? गाव चालायला हवं त्यांच्यावर."

उत्तर नव्हतं. ओस्लोबची गर्दी बघता 'थोडे' हेच खरं असणार.

"बरं, जा डॉन्सॉलला. मासा कधी येतो तिथे?"

"नोव्हेंबर ते जून."

"आणि तुला रजा?"

"जुलैतच मिळते."

आत्याने जवळ्यातला खडा उचलून बाजूला टाकला. "मग बोल आता."