नर रातांबा

३ जून २०२० च्या दुपारी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर चढलं. संध्याकाळी वारा पडला तेव्हा आमच्या वाडीतून समुद्र दिसत होता. आधी कधीच दिसला नव्हता. पोफळी काड्यांसारख्या मोडलेल्या, माड आडवे, आणि विहिरीजवळचा जुना रातांबा, म्हणजे कोकमाचं झाड, मुळांसकट उपटून वईवर पडलेला.

पंचनाम्यात पोफळी मोजल्या, माड मोजले. भरपाई हेक्टरी ५० हजार ठरली, म्हणजे गुंठ्याला ५०० रुपये. रातांब्यापाशी प्रश्न आला, "याचं उत्पन्न किती?" वडील म्हणाले, "काही नाही." खरंच होतं ते. तो नर होता.

कोकमाची नर आणि मादी झाडं वेगळी असतात. बी रुजवून वाढवलेलं रोप कोणतं निघालं, हे फुलावर येईपर्यंत, म्हणजे सहा-सात वर्षं तरी, कळत नाही. कळलं की पुष्कळ जण नरावर कोयता चालवतात. आमच्याकडेही रातांबे काढायला येणारा गडी दर मे महिन्यात म्हणायचा, "हा वांझ कशाला ठेवलाय?" आजी एरवी शांत, पण या शब्दावर उसळायची. "नर आहे तो, वांझ नव्हे! बाकीच्यांना फळ धरतं ते कोणाच्या जिवावर?"

मला वाटायचं, आजी झाडासाठी भांडते.

आमच्या मोठ्या काकूला मूल नव्हतं. सुट्टीत जमणारी आम्ही सात-आठ पोरं तिच्याच हातचं जेवायचो, ताप आला की तिच्याच कुशीत निजायचो. गडी तो शब्द बोलायचा तेव्हा काकू पडवीत रातांबे फोडत बसलेली असायची. हात कोपरापर्यंत लाल. ती मान वर करायची नाही. आजीचा आवाज कोणासाठी चढत होता, हे मला झाड पडल्यावर उमगलं. फार उशिरा.

पंचनाम्याला आलेल्याला मी दोष देत नाही. त्याच्या कागदावर उत्पन्नाचा रकाना होता. पण तोच रकाना घेऊन आपण घरातल्या माणसांकडेही बघतो, आणि ते मला सोसत नाही.

पुढच्या वर्षी उरलेल्या झाडांना रातांबे कमी लागले. मोडलेल्या फांद्यांमुळेही असेल. त्या पावसाळ्यात आम्ही कोकमाची दहा कलमं आणली, त्यांतलं एक नराचं, मुद्दाम मागून घेतलेलं. ते विहिरीजवळ, त्याच जागी, मोठ्या काकूने लावलं. आळंही तिनेच केलं.