आर्यमदिरामंडळ आणि दुसरे मंडळ

राम गणेश गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ १९१९ मध्ये, नाटककाराच्या मृत्यूनंतर, रंगभूमीवर आले. तेव्हापासून त्याची चर्चा सुधाकराचा अधःपात, सिंधूचे पातिव्रत्य आणि तळीरामाचा विनोद या तीन वाटांनीच बहुधा होत आली आहे. एक साधी गोष्ट मात्र दुर्लक्षित राहिली. या नाटकात पिणाऱ्यांना मंडळ आहे, सोडू पाहणाऱ्याला नाही. तळीरामाच्या आर्यमदिरामंडळात आपलेपणा आहे, तिथे कोणी कोणाला हिणवत नाही. याउलट सावरू पाहणाऱ्या सुधाकराच्या भोवती उरतात ती साध्वी पत्नी आणि सज्जन मित्र. दारू का सुटत नाही हे तो रामलालला विस्ताराने समजावून सांगतो, तेव्हा रामलालपाशी कळवळा असतो, उत्तर नसते. तो त्या जागी कधी उभाच राहिलेला नाही.

पतिताला हात देण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न येथे उद्भवतो. वारकरी संतांनी स्वतःलाच पतित म्हणवून घेतले होते. पण मद्यपाननिषेधाच्या आपल्या वाङ्मयात ती नम्रता क्वचितच उतरली. तेथे सांगणारा नेहमी काठावर असतो आणि ऐकणारा पाण्यात. कायद्याची गोष्ट तर निराळीच. राजाजींनी १९३७ मध्ये सेलम जिल्ह्यात दारूबंदी आणली, तमिळनाडूत १९७१ मध्ये ती उठली, आणि २००३ पासून किरकोळ विक्री सरकारी महामंडळच करू लागले. बाटली हिरावता येते आणि परतही देता येते. सोबत मात्र कायद्याने देता येत नाही.

या प्रश्नाचे एक अनपेक्षित उत्तर १९३५ मध्ये अमेरिकेतील ॲक्रन या गावी मिळाले. बिल विल्सन हा काही महिन्यांपूर्वीच दारू सोडलेला गृहस्थ तेथे कामानिमित्त आला होता. काम फसले. परक्या गावी, हॉटेलच्या दिवाणखान्यात, एका बाजूला मद्यालय दिसत असताना त्याने दूरध्वनी उचलला आणि बोलण्यासाठी दुसरा एखादा मद्यपी शोधू लागला. त्यातून डॉ. बॉब स्मिथ यांची गाठ पडली आणि अल्कोहोलिक्स अनॉनिमस ही संघटना जन्मली. येथे मला महत्त्वाचे वाटते ते हे की विल्सन उद्धारक म्हणून गेला नव्हता. दुसऱ्याशी बोललो नाही तर आपण आजच पिऊ, या भीतीने तो गेला होता. दानात देणारा वर आणि घेणारा खाली असतो. येथे देणाराच याचक आहे.

यावर एक आक्षेप संभवतो. ‘दारूपुढे मी हतबल आहे’ ही या मार्गाची पहिली पायरी. मग जबाबदारी कोणाची? परंतु पुढच्या पायऱ्यांवर ज्यांचे आपण नुकसान केले त्यांची यादी करून शक्य तेथे भरपाई करावयाची असते. हतबलता आहे ती पहिल्या प्याल्यापुढे. जुन्या देण्यांपुढे नव्हे. गडकऱ्यांना त्या पहिल्या प्याल्याचे मर्म कळले होते, हे शीर्षकावरूनच दिसते.

मग ज्याने कधी प्यालाच उचलला नाही, त्याला येथे स्थान नाही काय? चेन्नईतील शांती रंगनाथन यांचे उदाहरण मला येथे थांबवते. मद्यासक्तीने पती गेल्यानंतर त्यांनी १९८० मध्ये त्या शहरात टी. टी. रंगनाथन क्लिनिकल रिसर्च फाउंडेशन उभे केले. पुण्यात १९८६ मध्ये डॉ. सुनंदा आणि अनिल अवचट यांनी ‘मुक्तांगण’ सुरू केले. तेथे बरे झालेले कित्येक जण पुढे कार्यकर्ते झाले. तेव्हा अधिकार पडण्यातून येतो असे म्हणणे अपुरे आहे. तो बहुधा गरजेतून येत असावा.

चेन्नईतच हे मला अधिक स्पष्ट झाले. एका चर्चासत्रासाठी गेलो असता सौकारपेठेतील एका परिचितांकडे उतरलो होतो. सांगली जिल्ह्यातील खानापूर तालुक्यातले घराणे, सोन्याचांदीच्या गलाईचा व्यवसाय. दारू सोडून त्यांना सात वर्षे झाली होती. प्रारंभी ते मुद्दाम शहराच्या दुसऱ्या टोकाच्या सभेला जात, कारण जवळच्या सभेत गाववाला भेटण्याची धास्ती. पण तल्लफ येई ती रात्री आठला, दुकानाचे शटर ओढल्यावर. तेव्हा दूरची सभा गाठता येत नसे. शेवटी चालत जाता येईल अशी सभा त्यांनी शोधली. तेथे बोलणे तमिळमध्ये. त्यांचे तमिळ सोन्याच्या भावापुरते, शरमेचे शब्द त्यात नव्हते. पहिले काही महिने ते नाव सांगून खाली बसत, आणि तेवढे पुरे होई. आता त्यांच्याच तालुक्यातला एक तरुण गलाईवाला त्यांना अपरात्री फोन करतो.

“त्रास होत असेल,” मी म्हणालो.

“त्याचा फोन आला की मला बरं वाटतं, सर. त्या रात्री मी वाचतो.”

मी ते विनय समजलो. मग मला माझा एक कविमित्र आठवला. दहा वर्षे मी त्याचा रामलाल होतो. उपदेश केला, पैसे दिले, एकदा भांडलोही. तो गेला. हे सांगून, माझे काय चुकले असावे असे मी त्यांना विचारले. ते बराच वेळ गप्प राहिले.

“तुम्ही त्यांच्याकडं कधी काही मागितलं होतं का, सर?”

मी आठवून पाहिले. एकदाच, एका दुर्मीळ पुस्तकासाठी. दुसऱ्या दिवशी सकाळी, पूर्ण शुद्धीत, दाढी करून, तो ते घरी घेऊन आला होता.