प्रतिनिधी कोणाचा?

ब्रिस्टलच्या मतदारांपुढे १७७४ साली एडमंड बर्क यांनी जे भाषण केले, त्याचा दाखला आम्ही वर्गात वर्षानुवर्षे देत आलो. निवडून आल्यावर सभासद ब्रिस्टलचा राहत नाही, तो पार्लमेंटचा होतो, हा त्याचा मथितार्थ. विचार उदात्त खरा. पण त्यात गाव आणि राष्ट्र ही जणू परस्परांची वैरी मानली आहेत, आणि तेच आम्हांस अलीकडे खटकू लागले आहे.

वेल्सचे एल्विन लुइड हे त्यास निमित्त झाले. व्यवसायाने वकील, वायव्येकडील डोंगराळ भागातून १९९२ साली निवडून आले ते २०१५ पर्यंत कॉमन्स सभेत होते. २०१० च्या निवडणुकीनंतर ६५० सभासदांत त्यांच्या प्लाइड कम्री पक्षाचे अवघे तीन! तीन मतांच्या बळावर मनुष्याने करावे तरी काय?

एखाद्याचा पिच्छा पुरवून त्याचे जिणे नकोसे करणे, हा अपराध मोठा विलक्षण आहे. त्याचा एकेक तुकडा निरुपद्रवी दिसतो. पत्र लिहिणे, दाराशी फुले ठेवणे, कोपऱ्यावर उभे राहणे, यांत गुन्हा तो कोणता? १९९७ च्या कायद्याने छळास शिक्षा सांगितली होती. पण या अपराधाला त्यात नावच नव्हते, आणि नाव नसलेले दुःख ठाण्यावर सांगावे तरी कसे? लुइड यांच्या अध्यक्षतेखाली निरनिराळ्या पक्षांच्या सभासदांनी चौकशी आरंभिली, पीडितांच्या साक्षी ऐकल्या, आणि फेब्रुवारी २०१२ मध्ये अहवाल दिला. त्याच वर्षी २५ नोव्हेंबरपासून इंग्लंड व वेल्समध्ये तो स्वतंत्र गुन्हा ठरला. वेल्सच्या कैवाऱ्याने मिळविलेले हे संरक्षण लंडनमधील स्त्रीच्याही वाट्यास आले. कायदा कोठे अपुरा पडतो, हे लहान गावातल्या वकिलास आपल्या अशिलाच्या चेहऱ्यावर वाचता येते. ती विद्या मंत्रालयाच्या दप्तरात कोठून असणार?

परंतु येथेच थांबलो तर आम्ही सोयीचे तेवढेच उदाहरण घेतले असे होईल. पुढे लुइड यांच्या मतदारसंघात आलेल्या मुलखातच, बाला गावाजवळ, कापेल केलिन नावाचे वेल्शभाषी खेडे होते. लिव्हरपूल शहरास पाणी हवे म्हणून १९५७ साली पार्लमेंटने कायदा केला. वेल्सच्या प्रतिनिधींनी केलेला प्रखर विरोध संख्याबळापुढे व्यर्थ गेला, आणि १९६५ साली शाळा, टपालकचेरी, प्रार्थनामंदिर सारे जलाशयाखाली गेले. त्या दिवशी बोललेल्यांचे बोलणे फुकट गेले काय? नाही, असे आम्हांस वाटते. कारण निदान अन्याय संमतीच्या नावावर तरी खपला नाही. मात्र हे आम्ही कोरड्या जमिनीवर बसून लिहीत आहो, याचाही आम्हांस विसर पडलेला नाही. लिव्हरपूलच्या नगरपालिकेने २००५ साली क्षमा मागितली. पाणी अद्याप तेथेच आहे.