पहिली घागर लेकरांसाठी





लूकच्या शुभवर्तमानात बारा वर्षांच्या येशूची घटना आपण ऐकतो (लूक २:४१-५२). वल्हांडणाचा सण आटोपून मारिया आणि योसेफ गावाकडे निघाले. बरोबर नातलग होते, ओळखीचे लोक होते. येशू त्यांच्यातच कुठेतरी असेल असे समजून ते एक दिवसाची वाट चालून गेले. मग शोधाशोध केली, तर तो कुठेच नव्हता. ते तसेच जेरुसलेमला परतले आणि तीन दिवसांनी तो त्यांना मंदिरात सापडला.

"बरोबरच असेल" असे वाटणे किती सोपे असते! आपल्या घरांतही असेच होते. आईला वाटते, लेकरू बापाजवळ आहे. बापाला वाटते, आजीजवळ आहे. आजीला वाटते, मोबाईल घेऊन गप्प बसले आहे, म्हणजे ठीक आहे. लेकरू घरातच असते, पण दिवसभरात त्याच्याशी कोणी नीट बोललेलेच नसते. मारिया आणि योसेफ यांचे मोठेपण यात आहे की, लक्षात येताच ते माघारी फिरले. पुढची वाट, सोबतचे लोक, घरची कामे, सारे बाजूला ठेवले. लहान मुलांच्या आईवडिलांनी त्यांच्याकडून हेच शिकायचे आहे. रोज संध्याकाळी लेकराकडे माघारी फिरायचे.

कोणी म्हणेल, वेळ आहे कुठे? खरेच आहे. आपल्यापैकी कोणी मोंढ्यात हमाली करतात, कोणी दवाखान्यात रात्रपाळी करतात, कोणी नांदेड-लातूर एस.टी.चे धक्के खातात. दोघांनी कमावले तरच घर चालते. म्हणून जास्त वेळ द्या, असे आम्ही सांगत नाही. आहे तो वेळ कोणाला आधी द्यायचा, एवढेच सांगतो.

हे आपल्याला पाण्याने शिकवले आहे. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वेगाडी लातूरला पोहोचली. दहा वाघिणींत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. त्या उन्हाळ्यात टँकर आल्यावर कोणी आधी कपडे धुवायला पाणी भरले नाही. पहिली घागर पिण्याची, उरलेल्यात बाकीची कामे, हा नियम लहान पोरांनाही ठाऊक होता. घरी आल्यानंतरच्या वेळेलाही हाच नियम लावू या. पहिला अर्धा तास लेकरांचा. मोबाईल फळीवर ठेवावा, टी.व्ही. बंद असावा. लेकराला जवळ घ्यावे आणि आज काय खाल्ले, कोणाशी खेळला, कोणाशी भांडला, ते ऐकावे. भाजी निवडता निवडताही हे होते. मग ते आपणहून खेळायला जाते आणि आपल्यालाही काम सुचते.

आता काही साध्या गोष्टी.

झोप आणि मोबाईल. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालील मुलांसाठी सूचना दिल्या. तीन-चार वर्षांच्या मुलाला दिवसरात्र मिळून १० ते १३ तास झोप हवी. एक वर्षाच्या बाळाला मोबाईल आणि टी.व्ही. दाखवूच नये. दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसातून एक तासापेक्षा जास्त नाही, कमी असेल तर अधिक चांगले. घास भरवताना मोबाईल हातात देण्याची सवय लागली असेल, तर ती एका दिवसात सुटणार नाही. आधी रात्रीचे एक जेवण मोबाईलशिवाय करा. ते जमले की दुसरे. मोठ्यांनीही त्या वेळी आपला मोबाईल बघू नये, नाहीतर लेकरू कसे ऐकेल?

रोजचा क्रम. जेवण, हातपाय धुणे, प्रार्थना, झोप, हे रोज त्याच क्रमाने झाले की लहान मुलाला पुढे काय आहे ते कळते आणि कटकट कमी होते. प्रार्थना लहान असावी. क्रुसाची खूण, प्रभूची प्रार्थना आणि आज कशाबद्दल देवाचे आभार मानायचे ते प्रत्येकाने एका वाक्यात सांगावे. पाच मिनिटे पुरेत. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६४ मध्ये कुटुंबाला घरातील ख्रिस्तसभा म्हटले आणि आईवडिलांना श्रद्धेचे पहिले शिक्षक मानले. धर्मशिक्षणाचा रविवारचा वर्ग त्यानंतर येतो.

बापाचा वाटा. लेकरांचे सारे आईने बघायचे, असे आपल्याकडे अजून मानतात. योसेफ तसा नव्हता. बाळाच्या जिवाला धोका आहे हे कळताच तो रात्रीच उठला आणि मायलेकरांना घेऊन इजिप्तला निघाला. पोप फ्रान्सिस यांनी ८ डिसेंबर २०२० पासून एक वर्ष संत योसेफला वाहिले होते, ते बापांनी विसरू नये. लेकराला आंघोळ घालणे, झोपवणे, आजारपणात रात्री जागणे, यात पुरुषाला कमीपणा नाही.

मारणे आणि रागावणे. मुलांना चिडीस आणू नका, असे संत पौल बापांना मुद्दाम बजावतो. दुकानासमोर लेकरू लोळण घेते तेव्हा आपल्याला लोकांची लाज वाटते आणि हात उठतो. त्या वेळी थोडे थांबावे, त्याला उचलून बाजूला न्यावे, शांत झाले की बोलावे. "नाही" म्हटले असेल तर ते आई, बाप आणि आजी-आजोबा सगळ्यांचे "नाही" असावे. एकाने नाकारायचे आणि दुसऱ्याने गुपचूप आणून द्यायचे, यात लेकराचेच नुकसान होते.

अभ्यासाची घाई. लातूर पॅटर्नचे नाव महाराष्ट्रभर आहे आणि आपल्या मुलांनी डॉक्टर व्हावे असे वाटणे चूक नाही. पण तो पॅटर्न दहावी-बारावीच्या मुलांसाठी आहे. चार वर्षांच्या लेकराला शिकवणी नको, माती, पाणी, गोष्टी आणि सवंगडी हवेत. नवीन शैक्षणिक धोरणानेही (२०२०) पहिलीच्या प्रवेशासाठी सहा वर्षे पूर्ण होण्याची अट ठेवली आहे.

ज्यांना घर सोडावे लागते. दिवाळी झाली की मराठवाड्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता असतो, मागे थांबता येत नाही. लेकरू आजीजवळ ठेवणार असाल तर ते झोपेत असताना गुपचूप निघू नका. ते रडेल म्हणून आपण असे करतो. पण उठल्यावर आई दिसत नाही, हे त्या रडण्यापेक्षा जड आहे. त्याला सांगून, कुशीत घेऊन, कपाळावर क्रुसाची खूण करून निघा. फोनची वेळ ठरवा आणि ती पाळा. बरोबर नेणार असाल तर लसीकरणाचे कार्ड विसरू नका आणि फडाजवळच्या गावात अंगणवाडीची चौकशी करा. जी लेकरे मागे राहतात, त्यांना रविवारी मिस्साला आणणे, आजीला दवाखान्यात नेणे, शाळेत डोकावणे, हे काम आपण शेजाऱ्यांचे आहे. ते आजीवर सोडून आपण "कोणीतरी बघत असेल" म्हणालो, तर आपणही एक दिवसाची वाट पुढे गेलो असे होईल.

शेवटी मिस्साबद्दल. मूल रडते म्हणून काही तरुण आया चर्चला येणे सोडतात, कारण मागे वळून बघणारे आपणच असतो. बालकांना अडवणाऱ्या शिष्यांवर प्रभू येशू रागावला होता (मार्क १०:१३-१६). पोप फ्रान्सिस यांनी सिस्टाइन चॅपेलमध्ये बाप्तिस्म्याच्या वेळी आयांना सांगितले होते की, बाळे भुकेली असतील तर निःसंकोच पाजा. तेव्हा मूल रडले तर पुढच्या बाकावरच्याने वळून हसावे आणि त्या आईला बसायला जागा करून द्यावी.

मंदिरात सापडलेला येशू आईवडिलांबरोबर नाझरेथला गेला आणि त्यांच्या आज्ञेत राहून ज्ञानाने व शरीराने वाढला. देवाच्या पुत्रालाही वाढायला एक साधे घर आणि कष्ट करणारे आईवडील लागले. आपली घरेही तशीच साधी आहेत, आणि तेवढी पुरेशी आहेत.

हे पवित्र कुटुंबा, दमून घरी येणाऱ्या आईबापांना लेकरांकडे वळण्याचे बळ दे. जे दूर आहेत त्यांना सुखरूप घरी आण. आमेन.